संप पंप कधी नुसता घुमतो, कधी आरसीसीबी पाडतो. मोटर गेली असंच धरायचं का?

पाऊसपाणी:
तळघरातल्या संपचा, म्हणजे झिरपलेलं पाणी गोळा होतं त्या खड्ड्याचा, पंप चार दिवस झाले त्रास देतोय. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे उलटसुलट प्रश्नांत वेळ जाणार नाही.

पंप अर्धा एचपीचा, सबमर्सिबल, सिंगल फेज, २३० व्होल्ट. वय पाच वर्षं. फ्लोट (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा स्विच) पंपालाच जोडलेला आहे, त्याची वेगळी पिन नाही. खड्डा गोल, ४५ सेंमी व्यासाचा आणि ७५ सेंमी खोल. पाइप ४० मिमीचा, ३ मीटर सरळ वर जातो आणि मग साधारण ३ मीटर आडवा जाऊन बाहेर पडतो. महिन्यापूर्वी पाइपावरचा एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारी झडप) बदलला, जुना गळत होता.

तक्रारी तीन. पहिली, कधीकधी पंप चालूच होत नाही. नुसता घूं असा आवाज येतो, काही सेकंदांनी तोही थांबतो, मग थोड्या वेळाने परत घूं. दुसरी, अधूनमधून आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पडतो आणि अख्ख्या मजल्याची लाइट जाते. परवा रात्री तर पंप गप्प होता आणि तरीही पडला. तिसरी, कधी मोटर व्यवस्थित फिरते, आवाजही नेहमीसारखा, पण बाहेर पाण्याचा थेंब नाही.

दुरुस्तीवाले येऊन गेले. वरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, मोटर गेली, नवीन घ्या. खरंच गेली असेल तर घेईन. पण गेलेली मोटर मधूनच दोन दोन तास नीट कशी चालते, हे मला पटत नाही. सध्या आम्ही बादल्यांनी पाणी काढतोय. तळघरात सामान आहे, आणि घरात सगळे थकलेत.

फेजन्यूट्रल:
आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर. बादलीने पाणी काढताना पंपाची पिन सॉकेटमधून बाहेर काढलेली असते ना? नुसतं बटण बंद करून खड्ड्यात हात घालू नका. सॉकेटचं बटण कधी चुकून न्यूट्रलवर लावलेलं असतं, तेव्हा बटण बंद असूनही केबलमध्ये फेज राहतो. आणि मोटरच्या आतलं थर्मल कटआउट (मोटर तापली की वीज तोडणारा स्विच) थंड झालं की आपोआप पुन्हा जुळतं. तुमचा ‘थोड्या वेळाने परत घूं’ हा नेमका तोच प्रकार आहे. जाळीत बोट असताना तो परत आला तर बोट जाईल.

आता प्रश्न. पडतो तो आरसीसीबीच ना, की एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच)? दोन्ही पडण्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. एमसीबी पडला तर करंट जास्त ओढला जातोय, म्हणजे जॅम किंवा शॉर्ट. आरसीसीबी पडला तर करंट वाट चुकून अर्थिंगकडे किंवा पाण्यात जातोय. जॅम झालेली पण कोरडी, धड मोटर आरसीसीबी पाडत नाही.

पाऊसपाणी:
पिन काढलेली असते. पडतो तो आरसीसीबीच, त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलंय. एकाने सुचवलं की पंपाची लाइन आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घ्या, म्हणजे निदान रात्र तरी निभावेल.

फेजन्यूट्रल:
नाही. हे कुणीही सांगितलं तरी करू नका. गळती तशीच राहते, फक्त सांगणारा गप्प होतो. तळघरात ओल आहे, तुम्ही बादली घेऊन उतरताय, पायाखाली पाणी आहे. तिथे तो ३० मिलिअँपिअरचा डबाच तुमचा जीव राखतोय.

थोडा हिशोब सांगतो. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर म्हणजे इन्सुलेशनचा रोध साडेसात-आठ किलोओहमपर्यंत खाली आलाय. शिवाय हे डबे बहुधा निम्म्या आकड्याच्या पुढेच कधीतरी पडतात. चांगल्या पंपाला हा रोध मेगाओहममध्ये असतो. तेव्हा आरसीसीबी ‘नाजूक’ आहे म्हणून पडतोय असं समजू नका.

‘पंप गप्प होता आणि तरीही पडला’ हे वाक्य मात्र फार महत्त्वाचं आहे. त्या वेळी खड्ड्यात पाणी किती होतं, आठवतं का?

जुना_फिटर:
विजेचं फेजन्यूट्रल बघतीलच. मी घूं आवाजाबद्दल बोलतो. मोटरला वीज पोचतेय पण फिरता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारणं मुख्यतः तीन: पंखा अडकलाय, कपॅसिटर (मोटरला सुरू होताना जोर देणारा भाग) बसलाय, किंवा व्होल्टेज पडतंय. पहिलं कारण तपासायला एकही पैशाचं उपकरण लागत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करायची.

पिन काढा. एनआरव्हीच्या खालचं युनियन (पाइपाचा सोडता येणारा जोड) सोडवा. तोंड बाजूला ठेवा, कारण पाइपात उभं असलेलं पाणी अंगावर येतं. पंप हँडलला दोर बांधून वर काढा. केबलला धरून कधीच ओढू नका, फ्लोटच्या वायरला तर नाहीच. निम्म्या केबली अशाच ग्लँडमध्ये (केबल पंपात शिरते ती घट्ट बसवलेली जागा) सैल होतात आणि मग तिथून मोटरमध्ये पाणी शिरतं. वर आल्यावर आडवा करा, खालची जाळी काढा आणि पंखा हाताने फिरवून बघा.

हलकेच, सगळीकडे सारखा फिरला तर उत्तम. एका जागी अडत असेल तर काहीतरी अडकलंय. सगळीकडे सारखाच जड असेल तर बेअरिंग किंवा सील. वरखाली हलवल्यावर खडखड वाजला तर बेअरिंग झिजलंय. आणि हो, संपमधल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का तेही बघा. तेल भरलेल्या पंपाचं मेकॅनिकल सील गेलं की पहिला पुरावा तोच. तेल बाहेर आलं की त्या वाटेने पाणी आत जाणार.

तळमजला:
धाग्यात घुसतोय, पण विषय तोच आहे. माझा पंप पाऊस नसतानाही दर दोन मिनिटांनी चालू होतो, सात-आठ सेकंद चालतो आणि बंद. फ्लोट बिघडला का?

मोजपट्टी:
@तळमजला, फ्लोट बदलण्याआधी पट्टी घेऊन खड्ड्याजवळ बसा. पंप बंद झाल्या क्षणी पाणी किती उंचीवर आहे आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात किती वर येतं, ते लिहा. सुरुवातीला भराभर वर येऊन मग जवळजवळ थांबत असेल, तर ते पाणी जमिनीतून येत नाहीये. तुमच्याच पाइपातून परत येतंय.

धागाकर्त्यांच्या मापांवर हिशोब करून दाखवतो. ४० मिमी आतल्या व्यासाच्या पाइपात एका मीटरला सव्वा लिटर पाणी राहतं. ६ मीटर म्हणजे साडेसात लिटर. ४५ सेंमी व्यासाच्या खड्ड्यात पाण्याची पातळी एक सेंमी वाढायला १.६ लिटर लागतात. म्हणजे एनआरव्ही धरत नसेल तर पंप थांबताक्षणी पातळी जवळपास ५ सेंमी वर येणार. फ्लोटचा चालू-बंदमधला फरकच १०-१२ सेंमी असेल, तर पंप जवळजवळ निम्मा वेळ तेच पाणी वर नेतोय. खड्डा अरुंद असेल तर याहून वाईट.

मोटरला चालू राहण्याचा तेवढा त्रास नसतो, सुरू होण्याचा असतो. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दर दोन मिनिटांनी म्हणजे दिवसाला ७२० वेळा.

तळमजला:
मोजलं. बंद झाल्यावर २० सेकंदांत ६ सेंमी वर आलं, त्यानंतर पाच मिनिटांत जेमतेम १. एनआरव्ही उघडला तर झडपेखाली एक खडा आणि प्लास्टिकची चिंधी अडकली होती. काढली, धुतलं, रबर ठीक दिसतंय. आता बारा मिनिटं झाली, पंप लागलेला नाही. धागाकर्त्यांची जागा घेतल्याबद्दल क्षमस्व, आणि मोजपट्टींचे मनापासून आभार.

पाऊसपाणी:
क्षमा कसली, मलाही यातून कळलं. आज पंप वर काढला. जुना_फिटर म्हणाले तसंच केलं, युनियन सोडताना तरी भिजलोच.

जाळी काढली. पंखा साधारण पाऊण फेरा मोकळा फिरायचा आणि टक करून थांबायचा. उलटा फिरवला की पुन्हा तेवढंच. टॉर्च लावून पाहिलं तर पंख्याच्या पात्याखाली बोराच्या बीएवढा खडा, आणि त्याच्याभोवती केबल बांधायच्या नायलॉनच्या पट्टीचा तुकडा गुंडाळलेला. पाणी ढवळलं की खडा पात्याच्या खाली जात असणार आणि एरवी बाजूला पडून राहत असणार. म्हणून कधी चालायचा, कधी नुसता घुमायचा. तुकडा पक्कडीने ओढला, खडा आपोआप पडला. आता पंखा एका बोटाने फिरतो, कुठेही अडत नाही. खडखड नाही. पाण्यावर तवंग नाही.

फेजन्यूट्रल, तुमचा प्रश्न. त्या रात्री खड्डा बराच भरला होता. आणि आता आठवतंय, आरसीसीबी पडला तेव्हा प्रत्येक वेळी पाणी वरच होतं.

फेजन्यूट्रल:
मग चित्र जुळतंय, पण खात्रीशिवाय बोलत नाही. तुम्ही सांगताय त्याचा क्रम असा दिसतो: खडा अडकला, मोटर घुमली, थर्मलने तोडली, पंप गप्प झाला, पाणी वर चढलं, आणि मग आरसीसीबी पडला. पंप सुरळीत चालू असतो तेव्हा पाणी खाली राहतं आणि डबा पडत नाही. मोटरमध्ये पाणी असतं तर उलट घडलं असतं. मोटर कायमच पाण्याखाली असते, तेव्हा गळती पाण्याची उंची बघून आली नसती.

म्हणजे खड्ड्यात ठरावीक उंचीवर अशी एक जागा आहे जी एरवी कोरडी असते आणि पाणी चढलं की भिजते. केबल खालपासून वरपर्यंत डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा, पिन बाहेर ठेवून. जोड आहे का कुठे?

न्यूट्रल कुठे अर्थला टेकत असेल तरीही आरसीसीबी पडतो, आणि तो पंप बंद असतानाही, घरातल्या दुसऱ्याच लोडमुळे. म्हणून मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण) लावल्याशिवाय जोडावर शिक्का मारू नका. मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. तो काही व्होल्टवरच रोध मोजतो, ओलसर इन्सुलेशन त्याला बरेचदा चांगलं वाटतं. ५०० व्होल्टचा मेगर हवा. पिनेचे फेज आणि न्यूट्रल एकत्र धरायचे आणि अर्थच्या पिनेशी मोजायचं. मेगर चालू असताना पिनेला किंवा पंपाला कुणी हात लावायचा नाही.

पाऊसपाणी:
आहे. जोड आहे. इतके दिवस मी तो रोज बघत होतो, पण तो जोड आहे हे लक्षातच आलं नव्हतं. केबलवर काळी टेप गुंडाळलेली, मला वाटायचं पाइपाला बांधून ठेवण्यासाठी असेल. पंप बसवताना केबल आखूड पडली असणार आणि जोडून वाढवली. खड्ड्याच्या तळापासून मोजला तर बरोबर ५० सेंमीवर. फ्लोट ३५ ला पंप चालू करतो. म्हणजे पंप चालला तर पाणी तिथे पोचतच नाही.

टेप सोडली. वरचे दोन वेढे कोरडे, त्याखालचे चिकट आणि आंबूस वासाचे. सगळ्यात आतल्या वेढ्याखालून पाण्याचे दोन थेंब माझ्या तळहातावर पडले. तीनही तारा नुसत्या पिळलेल्या, त्यातल्या दोन इतक्या हिरव्या की तांबं ओळखू येत नाही. पिळा हलवला तर एक तार हातात आली. ती अर्थची होती.

फेजन्यूट्रल:
अर्थची होती हे वाचून बरं वाटलं नाही. म्हणजे गेले काही दिवस तो पंप अर्थशिवाय पाण्यात होता, आणि त्या काळात तुम्हाला राखायला फक्त तो आरसीसीबीच होता. तो काढायला सांगणाऱ्याला ही तार दाखवा.

तळमजला:
तो जोड नीट पिळून वरून भरपूर एम-सील लावलं तर? माझ्याकडे तसं आहे, दोन वर्षं चाललंय.

जुना_फिटर:
दोन वर्षं पाणी तिथवर आलं नसेल, म्हणून चाललं. वाकणाऱ्या केबलवर कडक लेप धरत नाही. पंप सुरू होताना पाइपाला झटका बसतो, केबल हलते, लेपाला केसाएवढी चीर पडते. तेवढी पुरते. शिवाय एकदा आत गेलेलं पाणी जोडाजवळच थांबत नाही, तारांच्या मधल्या फटींतून वातीसारखं चढत पुढे जातं. म्हणून जोड कापताना दोन्ही बाजूंची केबल थोडी थोडी कापत जा, जोवर तांबं लालसर चमकत नाही तोवर.

फेजन्यूट्रल:
सहमत. सगळ्यात चांगलं म्हणजे खड्ड्यात जोडच नको. पंपापासून अखंड केबल, आणि जोडायचंच तर खड्ड्याच्या बाहेर, भिंतीवर उंचावर, झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये. पाण्यात जोड करणं भागच असेल तर प्रत्येक तारेचा जोड वेगवेगळ्या अंतरावर, क्रिंप केलेला (धातूची नळी दाबून बसवलेला), आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) किंवा रेझिनचा जोड. साधी स्लीव्ह नुसती आवळते, पाणी अडवत नाही.

पाऊसपाणी:
आज ओळखीचे वायरमन मेगर घेऊन आले. जोड कापायच्या आधी मुद्दाम तो तसाच बादलीत बुडवून मोजला: ०.०१ मेगाओहम. जोड कापून, चांगलं तांबं लागेपर्यंत केबल मागे घेऊन, फक्त पंप आणि उरलेली केबल पाण्यात ठेवून मोजलं: २०० च्या वर. दोन वेळा मोजायला लावलं. मोटर शाबूत आहे.

उरलेली केबल खड्ड्याच्या काठाच्या वर पोचत होती, म्हणून भिंतीवर कमरेच्या उंचीवर बॉक्स लावला. अर्थ पुन्हा जोडला, सॉकेटपासून पंपाच्या बॉडीपर्यंत सलग आहे हे तपासलं.

पंप खाली सोडला, पाणी ओतलं, चालू झाला. आवाज उत्तम. आणि पाणी बाहेर येत नाही! तिसरी तक्रार अजून तशीच आहे. पिन काढून दहा मिनिटांनी परत लावली तर आलं.

जुना_फिटर:
घाबरू नका, पंपाने हवा धरलीय. ही तक्रार एनआरव्ही बदलल्यानंतरच सुरू झाली ना? जुना गळका होता तेव्हा पाइपातलं पाणी मागे येऊन पंपातली हवा वर हुसकावत होतं. नवा घट्ट धरतो. आता त्याच्या वर ३ मीटर पाणी उभं आहे आणि खाली पंपाच्या पोटात हवा कोंडलेली. पंखा हवा घुसळत बसतो, हवेत तेवढा दाबच तयार होत नाही की झडप उचलेल.

उपाय म्हणजे पंप आणि एनआरव्ही यांच्यामधल्या पाइपाला ३ मिमीचं एक भोक. पंपाच्या तोंडापासून थोडं वर, पण खड्ड्याच्या झाकणाच्या बरंच खाली. ड्रिल तिरकं धरा, म्हणजे धार खाली पाण्याकडे जाईल. पंप चालू असताना तिथून कायम बारीक धार उडणार, ती गळती समजून बुजवू नका. आधी पंपाच्या पुस्तिकेत बघा, काही पंपांच्या बॉडीतच असं भोक असतं आणि ते गाळाने बुजलेलं असतं. पिन काढून, पाइप सोडवून बाहेर भोक पाडा, खड्ड्यात वाकून ड्रिल चालवू नका.

आणि फ्लोटची दोरी बघा. ती लांब सोडली असेल तर पंप जाळी उघडी पडेपर्यंत ओढतो आणि थांबताना हवा पिऊन थांबतो. पंखा बुडालेला असतानाच तो बंद झाला पाहिजे.

पाऊसपाणी:
पुस्तिकेत भोकाचा उल्लेख होता. चित्रही होतं. एनआरव्ही बदलताना पाइपाचा तो तुकडाही बदलला गेला आणि भोक गेलं, हे आज कळलं. नवीन भोक पाडलं. फ्लोटची दोरी चार बोटं आखूड केली, आता पंखा पाण्याखाली असतानाच बंद होतो.

संध्याकाळपासून अकरा वेळा खड्डा भरून भरून चालवला. अकराही वेळा पाणी आलं. पहिल्या दोन-तीन सेकंदांत भोकातून आधी फस्स करून हवा येते, मग फेस, आणि मग काचेच्या काडीसारखी सरळ धार. ती बघत मी बराच वेळ तिथेच बसलो होतो.

मोजपट्टी:
आता एक माप घेऊन ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पातळी २० सेंमी उतरायला किती सेकंद लागतात? शिवाय पंप बंद असताना पाणी मिनिटाला किती सेंमी चढतं?

पाऊसपाणी:
२० सेंमी उतरायला २० सेकंद. चढायला मिनिटाला ३ सेंमी, आत्ता पाऊस बेताचा आहे.

मोजपट्टी:
म्हणजे ३२ लिटर २० सेकंदांत, मिनिटाला ९५ च्या आसपास. पंपाने स्वतः अडवलेली जागा वजा जाईल, तरी ९० धरा. आत येतंय मिनिटाला पाच लिटर. भरपूर फरक आहे. हा २० सेकंदांचा आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. पुढे कधी तो ३० झाला की पंप बंद पडायची वाट न बघता जाळी आणि पंखा साफ करायचा.

फेजन्यूट्रल:
त्याच्या शेजारी मेगरचा आकडाही लिहा. तो २०० वरून ५० वर आला तरी पंप तसाच चालेल, पण तुम्हाला कळेल की कुठून तरी ओल शिरायला लागलीय. १ मेगाओहमच्या खाली गेला तर पंप पाण्यात सोडायचा नाही. आरसीसीबीचं टेस्टचं बटणही महिन्यातून एकदा दाबत जा. जमल्यास पंपाला स्वतंत्र आरसीसीबी घ्या, म्हणजे फ्रिजच्या गळतीने रात्री पंप बंद पडणार नाही.

तळमजला:
माझा एम-सीलचा जोड आज कापला. आत हिरवं होतं.

पाऊसपाणी:
दोन्ही आकडे ऑइल पेंटने झाकणाखाली लिहिले. घरातल्या बादल्या आज पुन्हा बाथरूममध्ये गेल्या.